एकाच नंबरवरच्या बाया

१ जून, रविवार

आज माझा वाढदिवस. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचा. आमच्या वर्गात एकतीस पोरं होती, त्यातली बावीस एक जूनला जन्मलेली. गुरुजींनी नाव घालताना तारीख विचारलीच नाही, आणि विचारली असती तरी कुणाच्या आईला सांगता आली असती? माझी आई एवढंच म्हणते, "बाजरी मळायला घातली व्हती आन् तू आलास."

सकाळी फोनवर ऑफिसचा मेल आला. प्रिय संघर्ष, वाढदिवसाच्या शुभेच्छा. वाचून बरं वाटलं. मग आठवलं की तो मीच पाठवलाय. मार्चमध्ये मीच ते बसवलं होतं. रोज सातला ऑफिसातला मॅक जागा होतो, कामगारांची यादी बघतो, तारीख जुळली की मेल टाकतो. रविवार आहे, ऑफिसला कुलूप आहे, आणि आत बंद खोलीतलं मशीन मला शुभेच्छा देतंय.

दुसऱ्या कुणाचा मेल नाही, फोन नाही. म्हणून ही वही काढली. शेजारच्या टेबलावरच्या अक्कानं दिली होती, तिच्या मुलाची उरलेली. तिला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही. ती डब्यातला चिंचेचा भात पुढं सरकवते, मी मान हलवतो, एवढंच आमचं बोलणं. कोइमतूरला येऊन सात महिने झाले. तोंडातली मराठी गंजायला लागली तर निदान हातातली तरी राहू दे.

४ जून, बुधवार

मला जावास्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा, येते असं मी कुणाला सांगत नाही. येते म्हणण्यासारखी येतही नाही.

सरांच्या मॅकवर एक ॲप आहे. त्यात पायऱ्या एकाखाली एक लावायच्या. ही फाइल उघड, हा रकाना घे, तिकडं टाक, जतन कर, पाठव. माउसनं ओढून लावायच्या, लिहायचं काही नाही. दहावी नापासाला जमावं असंच आहे ते. पण पायऱ्यांनी जिथं भागत नाही तिथं एक रिकामा चौकोन घ्यायचा आणि त्यात जावास्क्रिप्ट लिहायची. आधी मला त्या चौकोनाची भीती वाटायची. हिंदी व्हिडिओ बघून बघून शिकलो. आता दिवसातला तेवढाच वेळ बरा जातो. चुकलं तर चौकोन लगेच लाल अक्षरांत सांगतो, मनात धरून बसत नाही.

त्याच्याही खोडी आहेत. महिने शून्यापासून मोजतो. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. त्यापायी एकदा मंचरचा अख्खा डोळ्यांचा कॅम्प माझ्या हातून महिनाभर पुढं गेला होता, पाठवायच्या आधी नजर गेली म्हणून वाचलो. मराठी आकडे तर त्याला आकडेच वाटत नाहीत. फॉर्मात '६५' लिहिलेलं असलं की म्हणतो, हा नंबर नाही. मग दहा आकड्यांच्या जोड्या लावून दिल्या, आपला हा म्हणजे तुझा हा. पहिलीच्या पोराला शिकवावं तसं.

आमचं काम असं. एक संस्था गावोगाव मोतीबिंदूचे मोफत कॅम्प घेते. फॉर्म इकडं येतात, आम्ही याद्या करतो. कोण, कुठला डोळा, कुठला कॅम्प, कुठली गाडी. पुणे जिल्ह्यातले फॉर्म हातानं मराठीत लिहिलेले यायचे, ते इथं कुणाच्या बापाला वाचता येईनात. तेव्हा मी सोपानदादाच्या टोमॅटोच्या गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून नारायणगावहून आलो होतो. सरांचा माणूस मार्केटात एमएच चौदाच्या, म्हणजे आपल्या पुण्याकडच्या, गाड्या शोधत फिरत होता. सोपानदादा म्हणाला, "जा की लेका. नायतर माझ्याच गाडीवर किती दिवस टिकनार हायेस तू?" बरोबरच बोलला. येडगावला धरणावरच्या ढाब्यात चार महिने, जुन्नरला गॅरेजात सहा, चाकणला दोन.

१० जून, मंगळवार

आईला व्हिडिओ कॉल केला. म्हणजे प्रज्ञावहिनीच्या फोनवर. वहिनी माझ्या चुलतभावाची बायको, आमच्या लोणी गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. तिनं फोन आईच्या हातात दिला आणि आईनं तो कानाला लावला. मला सगळा वेळ तिचा कान दिसत होता आणि मागची भिंत.

"आई, फोन समोर धर. मी दिसतो त्यात."

"आवाज येतोय न्हवं? मंग झालं."

"मला तू दिसत नाहीस."

"मी काय नवी हाय का दिसायला?"

कान बघत दहा मिनिटं बोललो. जेवलास का, पाणी उकळून पितोस का, आणि तिथलं काम सोडू नकोस. हे शेवटचं तीनदा.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही. तिच्याकडं तिचा बटणांचा फोन आहे. सात महिन्यांत तिनं आपणहून मला एकदाही फोन लावला नाही. मी केला तर उचलते, गोड बोलते. पण आपणहून नाही. सारखी कामं सोडण्यावरून भांडून मी रागारागात निघालो होतो ते अजून तिच्या मनात असणार.

१६ जून, सोमवार

वहिनीच्या फोनवर फोटो पाठवला, आईला दाखव म्हणून. मॅकच्या पडद्याचा. माझ्या पायऱ्या, मधला चौकोन, आणि खाली हिरव्यात 'पूर्ण झालं'. संध्याकाळी आईला विचारलं, बघितलास का?

"बघितला की. लई ब्येस दिसतोयस. जरा वाळलास."

फोटोत मी नव्हतोच.

बघितलासुद्धा नसणार तिनं. वहिनीनं समोर धरला असेल, हिनं हं म्हटलं असेल. मी काय करतो ते बघायची तिला हौसच नाही. फोन ठेवला आणि खाली जाऊन उगाच बसस्टँडपर्यंत चालत गेलो. तिथं सगळ्या पाट्या तमिळमध्ये. कुठली गाडी कुठं जाते ते कळत नाही म्हणून बरं, नाहीतर बसलो असतो एखादीत.

२४ जून, मंगळवार

जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांची यादी आली. एकोणीसशे सव्वीस नावं. कॅम्प अकरा जुलैला जुन्नरला.

आता फॉर्म हातानं येत नाहीत, गावातूनच फोनवर भरून येतात. त्यात दुबार नावं लई. एकच माणूस दोनदा भरतो, कधी आशाताई भरते आणि परत मुलगाही भरतो. सर म्हणाले, दुबार काढ. पण काढायचे कसे? आमच्याकडं नावाचा भरवसा नाही. एके ठिकाणी पारू, एके ठिकाणी पार्वती. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नवऱ्याचं नाव गाळतं. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग सुचलं. नाव बघायचंच नाही. जन्मतारीख आणि फोन नंबर एकत्र जोडायचे. दोन्ही सारखे म्हणजे माणूस एक. नाव फसवतं, तारीख आणि नंबर कशाला फसवतील?

चौकोनात आठ ओळी. तारखेला नंबर चिकटवला, पहिल्यांदा दिसला तो ठेवला, परत दिसला तो बाजूला. फिल्टर म्हणतात त्याला, म्हणजे चाळणच. फाइल फोल्डरमध्ये टाकली आणि हात मागं घेतले. चार सेकंद. तीनशे बारा गेले, सोळाशे चौदा राहिले, यादी संस्थेला रवाना. मी फाइल उघडलीसुद्धा नाही. यातच तर खरी मजा आहे, की उघडावी लागत नाही.

२७ जून, शुक्रवार

सरांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ये लडका टेंथ फेल. देखो." अक्का हसली, काय बोलले ते तिला कळलं नसावं तरी. आज पहिल्यांदा वाटलं की इथं राहीन.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता सोडू नको ते." काय केलं, कसं केलं, काही विचारलं नाही.

३० जून, सोमवार

दुपारी प्रज्ञावहिनीचा फोन. ती कधी कामाच्या वेळी करत नाही.

"भाऊजी, तुमी कॅम्पुटरचं काम करता म्हनून इचारते. आपल्या लोनीतनं मी चौदा बायांचे फॉर्म भरले व्हते, डोळ्याच्या कॅम्पाचे. यादी आली त्यात चारच नावं. बाकीच्या दहाजणी माझ्या दारात येऊन बसल्यात. आता काय सांगू मी त्यांना?"

मी म्हटलं, वहिनी, फॉर्म नीट भरले नसतील तुम्ही. काहीतरी राहिलं असेल. मशीन आपल्या मनानं नावं काढत नाही.

"सगळं भरलं व्हतं. माज्या हातानं."

"मग परत एकदा तपासा."

ती म्हणाली, "बरं. तपासते." फोन ठेवताना 'जय भीम' म्हणायची राहिली, ती कधी राहत नाही.

आमचीच यादी, हे मी तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

१ जुलै, मंगळवार

आज ती फाइल उघडली. गाळलेले तीनशे बारा वेगळ्या पानावर पडतात, ते पान.

लोणी, लोणी, लोणी. दहा ओळी. सगळ्यांपुढं एकच नंबर. तो नंबर मला पाठ आहे, दर आठवड्याला मीच लावतो. वहिनीचा. म्हाताऱ्या बायांकडं फोन कुठं असतो? असला तर मेसेज कुणाला वाचता येतो? वहिनीनं सगळ्यांना स्वतःचा नंबर लावला. आणि तारखा? आधार काढताना वर्ष अंदाजानं सांगितलं की तारीख एक जानेवारीच पडते. पन्नास, पंचावन्न, साठ. अंदाज कायम असा गोलच असतो. साठ सालच्या पाचजणी, मी एक ठेवली, चार काढल्या. पंचावन्नच्याही पाच, तिथंही चार काढल्या, आणि पन्नासच्या तिघींतल्या दोन.

एक जूनला मी याच वहीत काय लिहिलं होतं ते वर जाऊन वाचलं. बावीस पोरं. मला माहीत होतं. सरांना माहीत नव्हतं, ॲप बनवणाऱ्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आणि सातवी ओळ. पारूबाई भागुजी रोकडे. जन्म १ जानेवारी १९६०. उजवा डोळा, फक्त उजेड कळतो. डावा डोळा, हालचाल कळते, चेहरा ओळखत नाही.

रकान्यात एवढंच असतं. मी असे हजारो रकाने सरळ केलेत. हा तीनदा वाचला. मग व्हिडिओ कॉलमधला तो कान आठवला, भिंतीला लागून दिसणारा.

पुढं आज लिहवत नाही.

२ जुलै, बुधवार

खरं लिहायचं तर हे लिहायला पाहिजे. आज मी चौकोनात एक ओळ वाढवली. नाव पारूबाई भागुजी रोकडे असेल तर ठेव. बस. तीन बरोबरची चिन्हं घातली, म्हणजे अगदी तेच नाव, दुसरं कुणी नाही. किरकोळ दुरुस्त्या संस्था तीन तारखेपर्यंत घेते, एक-दोन नावांना कोण विचारत नाही. यादी परत पाठवली. सोळाशे पंधरा.

सरांना कळलं नाही. कळायचं कारण नाही. त्यांनी आज माझ्यासाठी नवी खुर्ची मागवली.

संध्याकाळी वहिनीला फोन केला. म्हटलं, आईचं नाव आलं यादीत, तिला सांग.

ती लगेच म्हणाली,

"आन् माज्या सासूचं?"

मी म्हटलं, बघतो.

"म्हंजी यादी तुमीच करता व्हय?"

मी हो म्हटलं.

"मला म्हनता फॉर्म नीट भरले न्हाईत! दोन दिस मी कागद चाळत बसले. नाव न आलेल्या साळुबाईनं मला तोंडावर म्हनलं, तुला लिवता येत न्हाई तर कशाला झालीस आशा. आन् भाऊजी, तुमी..." पुढचं तिनं गिळलं. "आत्यांनी, तुमच्या आईनं, सांगू नको म्हनून माज्याकडनं शप्पत घेतली व्हती डोळ्यांचं. कळलं तर संघर्ष काम सोडून यील म्हन्ल्या. आता मला वाटतं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान यादी तरी नीट केली असती."

"वहिनी, मी..."

"साळुबाई तुमच्या कोन लागत न्हाईत? त्यांच्याच मांडीवर वाढलात. माझी सासू तर तुमची चुलती. चौदाजणी एका दिवशी नाव द्यायला आल्या माज्याकडं. त्यातली आत्या एकटी गाडीत बसंल आसं वाटतं तुमाला? बसवून बघा."

तिनं फोन ठेवला. ठेवायलाच पाहिजे होता.

३ जुलै, गुरुवार

नऊला सर आले. साडेनऊपर्यंत मी पाणी पीत होतो. मग गेलो.

"सर, गलती मेरा है."

त्यांना कळायला वेळ लागला. माझं हिंदी आणि त्यांचं हिंदी, दोन्ही लंगडी. शेवटी अक्काच्या मुलाच्या वहीचं एक पान फाडून त्यावर चित्र काढून दाखवलं. एक घर, एक फोन, पाच बाया, पाचहीजणींपुढं एकच तारीख. त्यांनी पान हातात घेतलं आणि खुर्चीत मागं टेकले.

"तीन सौ बारह में सच्चा डबल कितना?"

सकाळी लवकर येऊन मी ते एक एक बघितलं होतं. "सत्तावीस."

"फाइल देखा था, भेजने से पहले?"

"नहीं सर."

"क्यों नहीं देखा?"

उघडावी लागत नाही यातच मजा वाटली होती, हे कसं सांगणार? मग आईच्या ओळीचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं, कारण दोनशे पंच्याऐंशी परत घालताना ती ओळ काढावीच लागणार होती. ते उठून फोन घेऊन गॅलरीत गेले. काचेतून दिसत होतं, संस्थेच्या माणसापुढं मान खाली घालून बोलत होते. माझ्यापायी.

परत आले ते असं ठरवून. अकराचा कॅम्प भरला, रांगेतल्या दुसऱ्या गावांना जागा गेल्या. राहिलेल्यांसाठी जुन्नरलाच दुसरा, सव्वीस-सत्तावीस जुलैला. पण आता यादीवर विश्वास नाही. प्रत्येक माणसाशी फोनवर बोलून प्रश्न विचारून खात्री करायची, नऊ तारखेपर्यंत. मराठी कुणाला येते? मला.

"आज से मशीन बंद तुम्हारा," सर म्हणाले. "फोन."

आई अकराला गेली असती. माझ्या ओळीनं गेली असती. आता पंधरा दिवस पुढं.

५ जुलै, शनिवार

दोनशे पंच्याऐंशी माणसं, आणि फोन नंबर फक्त एकेचाळीस.

पश्चिमेच्या डोंगरातल्या तीन वाड्यांचा नंबर एकच, गोकुळ नावाच्या दुकानदाराचा. रेंज फक्त त्याच्या दुकानापुढच्या दगडावर येते. मी बावीस नावं सांगितली.

"पावनं, मी किराना इकतो. टेलिफोनचं हापिस न्हाई चालवत."

"एवढं करा राव. चूक आमच्याकडून झाली."

"आन् भाताची आवनी चाललीय, बाया चिखलात हायेत. सांजच्याला बोलवतो. पर एका येळी एक. समद्या आल्या तर माज्या दुकानात उबं ऱ्हायला जागा न्हाई."

संध्याकाळी एक एक फोनवर आली, तरी बाकीच्या मागं उभ्याच. बायडाबाई पहिल्या.

"तू कुनाचा रं?"

"लोणीचा, मावशी. भागुजी रोकड्यांचा."

"लोनीचा हायेस तर हितं यायचं की. लांबून कशाला बोलतोस?"

मी त्यांना सांगितलं की तुमची सगळ्यांची एकच जन्मतारीख, एकच फोन, म्हणून मशीनला तुम्ही एकच वाटलात.

"आमी बावीसजणी एक?" त्यांनी ते मागं सगळ्यांना ओरडून सांगितलं. केवढा हशा झाला. "मंग समद्यांचा एकच डोळा काप म्हनावं, काम संपलं!"

मीही हसलो. किती दिवसांनी मोठ्यानं हसलो ते अक्कानं वळून बघितलं तेव्हा कळलं. घसा दुखतोय. सात महिन्यांत एवढी मराठी बोललो नव्हतो.

७ जुलै, सोमवार

एकशे नव्वद झाले. एका गावात फोन उचलणारा पोरगा म्हणाला, आजोबा वारले, वीस दिवस झाले. मी नाव खोडलं. त्यानं विचारलं, "त्यांचा नंबर लागला व्हता का?" मी म्हटलं, लागला होता. ते माझ्या गाळलेल्यांतले होते. खरं काय ते त्याला सांगितलं नाही. बरोबर केलं का ते माहीत नाही.

लोणी अजून लावलेलं नाही. रोज ते खाली सरकवतो.

९ जुलै, बुधवार

शेवटचा दिवस. लोणीच राहिलं होतं.

वहिनीनं बायांना विहाराच्या ओट्यावर बसवून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. माझ्याशी नेमकंच बोलत होती. साळुबाईंनी मात्र सुरुवातीलाच झोडलं. "आमाला गाळलंस व्हय रं? नाक पुसायचं येत नव्हतं तवा आमीच पुसलं ना तुजं?" मग स्वतःच हसल्या आणि आपली शुगर सांगितली. चुलतीचं झालं. एक एक होत गेलं. आईचा नंबर आला की आई म्हणायची, आधी तिचं घ्या. असं करत तीच शेवटी राहिली.

माझ्या तोंडून आई निघेना. समोर फॉर्म होता, तोच वाचला.

"पारूबाई भागुजी रोकडे?"

"व्हय साहेब. मीच."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती हसली नाही.

"वय?"

"ते तुमच्याकडंच लिवलेलं आसंल."

"शुगर, बीपी?"

"काय न्हाई."

"उजव्या डोळ्यानं काय दिसतं?"

"उजेड."

"डाव्यानं?"

"मानूस आलं-गेलं कळतं. कोन ते बोलल्यावर कळतं."

"कधीपासून?" हा प्रश्न फॉर्मात नाही.

"झालं की दीड वरीस."

"मुलाला का नाही सांगितलं?" हाही नाही.

"त्याचा पाय कुटं ठरत नव्हता, साहेब. आता कुटं ठरलाय. म्या सांगितलं आसतं तर ह्या निमतानं सुटला आसता तितनं बी. मंग म्हनला आसता, आईपायी सोडलं. फोन लावावा वाटायचा. बटनं दिसत न्हाईत. प्रज्ञाला किती येळा म्हनायचं, लावून दे म्हनून? तिला बी कामं हायेत."

मी फॉर्म खाली सरकवला. शेवटचा रकाना.

"सोबत कोण येणार? दोन दिवस राहावं लागतं."

"प्रज्ञाचं लिवा."

"त्या त्यांच्या सासूसोबत आहेत. एका माणसाला एकच चालतं."

"मंग ऱ्हाऊ द्या रिकामं."

"रिकामं चालत नाही." खरंच चालत नाही. तिथं काही लिहिल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही.

मी टाइप केलं आणि जे टाइप केलं ते वाचून दाखवलं, प्रत्येकीला दाखवत होतो तसंच. "संघर्ष भागुजी रोकडे. नातं, मुलगा."

लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता.

"साहेबाला रजा मिळंल का पन?" आई म्हणाली.

"उद्या नऊला विचारतो."

"इचारा. आन् न्हाई म्हनले तर भांडू नका."

फॉर्म हिरवा झाला. दोनशे चौऱ्याऐंशी पूर्ण, एक खोडलेला. अक्का डबा बंद करत होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाताचा डबा परत उघडला.

सव्वीसला जुन्नरला पोचायचं म्हणजे चोवीसला इथून निघायला पाहिजे. सरांना काय बोलायचं ते हिंदीत लिहून काढलंय, दोनदा. सर, माँ का आँख का ऑपरेशन है, मुझे छुट्टी चाहिए. एवढं जमलं. किती दिवसांची, तिथं जागा सोडलीय.